तीर्थन-सैंज ट्रेक: सुरुवात कुठून करावी? नदीकाठचा टप्पा आणि नाले कितपत अवघड?

कडेकपारी

नमस्कार मंडळी, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधला तीर्थन-सैंज ट्रेक कुणी केलाय का? आम्ही चौघं आहोत, सह्याद्रीत घाटवाटा बऱ्यापैकी केल्यात, हिमालयात पण जाऊन आलोय पण ते सगळे गर्दीचे ट्रेक, तंबू आधीच लावलेले, वाटेत दर तासाला कुणीतरी भेटणार असे. यावेळी मुद्दाम असं खोरं हवंय जिथे दिवसभर फक्त जंगल आणि नदीचा आवाज असेल, आणि पाय खरंच दमतील. शोधताना कुल्लूतलं हे पार्क सापडलं आणि आता डोक्यातून जात नाहीये.

नकाशावर बघून जे समजलं ते असं. गुशैणीहून तीर्थन नदीच्या काठाने रोल्ला, मग नदी सोडून शिल्ट, गुमतराव, मग धेल, आणि पलीकडे शक्ती गावात सैंज नदीवर उतरून न्यूलीला बाहेर. बरोबर ना? प्रश्न असे की हे गुशैणीकडून करावं की न्यूलीकडून, मे महिना बरा की सप्टेंबरअखेर, आणि शक्तीपासून वर सैंजच्या उगमाला रक्तीसरला जाऊन येणं यातच जोडता येईल का? जीपीएस ट्रॅक मिळालाय एक, मग गाइड घ्यायलाच हवा का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाले. पुलाशिवाय किती ओलांडावे लागतात आणि त्यासाठी दोर न्यावा का? आमच्यातल्या एकाचा गुडघा उतारावर कुरकुरतो हेही सांगून ठेवतो.

देवदारछाया

वाट बरोबर काढलीये. आधी गाइडचं सांगतो कारण त्यावर बाकीचं ठरतं. पार्कमध्ये जायला परमिट लागतं, भारतीयांना पण, आणि सोबत स्थानिक नोंदणीकृत गाइड असायलाच हवा, हा नियम आहे, ट्रॅक आहे म्हणून सूट नाही. परमिट तीर्थनच्या बाजूने सैरोपाच्या ऑफिसातून होतं, मुख्य ऑफिस भुंतरजवळ शमशीला. आणि नियम बाजूला ठेवला तरी माझं मत गाइड घ्याच असंच आहे. खरशूच्या म्हणजे तिथल्या ओकच्या जंगलात पानांचा इतका जाड थर पडतो की पायवाट दिसेनाशी होते, सप्टेंबरमध्ये वरच्या थाचांवर म्हणजे कुरणांवर गवत वाढलेलं असतं त्यात फाटे बुजलेले असतात. १९९९ मध्ये पार्कची अंतिम अधिसूचना निघाल्यावर आतली चराई आणि जडीबुटी गोळा करणं बंद झालं, त्यामुळे मेंढपाळांच्या ज्या जुन्या वाटा होत्या त्या कुणी रोज तुडवत नाही. त्या वाटांची आठवण आता तिथल्या गावातल्या माणसांकडेच आहे, आणि गाइड-पोर्टर म्हणून हीच माणसं येतात.

आता दिशा. मी गुशैणीकडूनच सांगेन. कारण उंची. गुशैणी सोळाशे मीटरच्या आसपास, रोल्ला एकवीसशे, शिल्ट एकतीसशे, मग गुमतराव, मग धेल सदतीसशे. म्हणजे रोज रात्री थोडं थोडं वर झोपणं होतं, शरीर जुळवून घेतं. रोल्ला ते शिल्ट हा एकच दिवस खरा छातीवर येतो, हजार मीटर चढ आणि जवळजवळ सगळा झाडीतून, वाऱ्याची झुळूक नाही की समोर शिखर नाही, घाम आणि पाऊलवाट एवढंच. पण त्याच टप्प्यात देवदार, कैल-तोश-राई ही पाइन-फर-स्प्रूसची झाडं, अक्रोड, वर खरशू आणि शेवटी भूर्ज असं जंगल बदलत जाताना दिसतं, मला तर त्या चढासाठीच पुन्हा जावंसं वाटतं.

उलट बाजूने गेलात तर शक्तीहून धेल म्हणजे एका दमात पंधराशे मीटर. डोकं दुखायला लागलं तर मधे टेकायला सपाट जागा शोधत बसाल.

रक्तीसर यातच जोडू नका. शक्तीच्या पुढे मरोर गाव आणि त्याच्याही वर नदीकाठाने बरंच आत, तो स्वतंत्र ट्रेक आहे, जाऊन-येऊन आठवडा हाताशी हवा.

ओढ्यापल्याड

देवदारछाया, उंचीचं तुमचं म्हणणं पटतं पण दिशेच्या बाबतीत मी विरुद्ध मताचा आहे आणि त्याचं कारण पाणी आहे.

सैंज खोऱ्याचं गेल्या काही वर्षांत काय झालंय ते लक्षात घ्या. जुलै २०२३ च्या पुरात सैंज बाजाराचा मोठा भाग नदीने नेला. जून २०२५ मध्ये शेजारच्या जीवा नाल्यात ढगफुटी होऊन परत पूर आला, माणसं गेली. अशा पुरानंतर नदीकाठची वाट जिथे होती तिथे असेलच असं नाही, लाकडी पूल वाहून जातात, कडा ढासळलेला असतो, आणि पुढच्या पावसात तो अजून ढासळतो. म्हणजे या ट्रेकमधला सगळ्यात बेभरवशाचा भाग कुठला, तर न्यूली ते शक्ती. धेल नाही, शिल्टचा चढ नाही.

आता गुशैणीकडून निघालात तर तो भाग येतो शेवटच्या दोन दिवसांत. रेशन संपत आलेलं, गुडघे पंधराशे मीटर उतरून थकलेले, रिझर्व्हेशन डोक्यावर, आणि समोर पूल नाही. परत फिरायचं म्हणजे पुन्हा धेल चढायचं. अशा वेळी माणूस नको तिथे पाण्यात पाय घालतो. तेच न्यूलीकडून निघालात तर हा टप्पा पहिल्याच दिवशी समजतो, पोटात अन्न असतं, अंगात ताकद असते, नाही जमलं तर संध्याकाळपर्यंत परत न्यूली आणि दुसऱ्या दिवशी गाडीने फिरून गुशैणी. ज्या टप्प्याची खात्री नाही तो आधी घ्यावा, माघार स्वस्त असते तेव्हा, मी कुठल्याही नदीखोऱ्यात हेच बघतो.

पंधराशे मीटर चढाचं उत्तर म्हणजे तो चढ दोन दिवसांत तोडायचा. गाइडला आधीच सांगून ठेवायचं की मधे एक मुक्काम धरूनच चला, पाण्याची जागा त्याला माहीत असते. एक दिवस वाढतो, वाढू दे. आणि कडेकपारी, तुमच्या त्या मित्राच्या गुडघ्याला पण हीच दिशा बरी, सगळ्यात मोठा उतार चढ होऊन जातो. शिल्टहून रोल्लाचा हजार मीटर उतार राहतोच पण तो त्या मानाने रुळलेल्या वाटेवर आहे.

अजून एक, सैंज गावाकडून वर येताना सिउंडला पार्वती टप्पा ३ या ५२० मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पाचा बंधारा आहे. त्याच्या खालच्या अंगाला नदीपात्र कितीही कोरडं आणि सुंदर दिसलं तरी आत उतरू नका. पाणी सोडलं की काही मिनिटांत पात्र भरतं.

खळाळ

नाल्यांवर कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितेय, लांब होईल. मी याच भागात आणि शेजारच्या खोऱ्यांत बरीच चालते आणि सह्याद्रीतून थेट इकडे येणाऱ्यांना पाण्याचाच अंदाज चुकताना बघितलंय, चढाचा नाही.

पहिला फरक असा की आपल्याकडचा ओढा पाऊस पडला की फुगतो आणि थांबला की ओसरतो, इथला नाला पाऊस नसताना पण घड्याळाप्रमाणे चढतो-उतरतो. वरचा बर्फ दिवसा उन्हाने वितळतो आणि ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत पाणी सगळ्यात जास्त, आणि पहाटे सगळ्यात कमी. मे-जूनमध्ये हा फरक इतका असतो की संध्याकाळी जो नाला बघून पोटात गोळा येतो तो सकाळी सहाला दगडावरून उड्या मारत पार होतो. त्यामुळे संध्याकाळी अडलात तर अलीकडेच तंबू टाका, सकाळी बघू म्हणा. पण तो तंबू पात्रातल्या वाळूवर नको, कितीही सपाट असली तरी. वर कुठेतरी पाऊस झाला आणि तुमच्या डोक्यावर चांदणं असलं तरी पाणी येतं. काठापासून वर चढून जुन्या टप्प्यावर, जिथे मोठी झाडं उभी आहेत, तिथे टाका. मोठं झाड म्हणजे बरीच वर्षं तिथपर्यंत पाणी आलेलं नाही याची खूण.

दुसरं म्हणजे वेग. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा अंगावरचा जोर चौपट होतो, म्हणून इथे गुडघ्याएवढं पाणी हे आपल्या डोहातल्या कमरेएवढ्या पाण्यापेक्षा भयंकर असतं. त्यात ते बर्फाचं पाणी, दोन मिनिटांत पायाला तळव्याखालचा दगड कळेनासा होतो. पाणी गढूळ झालंय, तळ दिसत नाही, आणि आतून दगड एकमेकांवर आपटल्याचा खडखडाट येतोय, तर तिथे पाय घालायचाच नाही, चर्चा नको. फांद्या-पाचोळा वाहत यायला लागला तर पाणी चढतंय असं समजा आणि काठ सोडा.

ओलांडायची जागा निवडताना लोक अरुंद जागा बघतात कारण अंतर कमी. पण अरुंद म्हणजे खोल आणि जोरकस. जिथे प्रवाह पसरलाय, दोन-तीन फाट्यांत विभागलाय ती जागा बघा, त्यासाठी अर्धा तास वर-खाली चालावं लागलं तरी चालेल. आणि पाण्यात उतरण्याआधी खाली काय आहे ते बघा. घसरलो तर कुठे जाऊन आदळू? आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा बाद, पाणी फांद्यांमधून निघून जातं आणि माणूस अडकतो.

बूट घालूनच उतरा, अनवाणी नको. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा म्हणजे पडलात तर सॅक टाकून मोकळं होता येईल. एकट्याने जात असाल तर तोंड प्रवाहाकडे, काठी समोर टेकवायची, आणि काठी व दोन पाय या तीनमधलं एका वेळी एकच हलवायचं. तुम्ही चौघं आहात तर त्याहून चांगलं, एकमेकांच्या सॅकचे पट्टे घट्ट धरून ओळ करा, ओळ प्रवाहाच्या दिशेत उभी ठेवा, सगळ्यात दणकट माणूस वरच्या टोकाला, म्हणजे पाण्याचा मार तो घेतो आणि बाकीचे त्याच्या आडोशाला राहतात, आणि सगळ्यांनी एकदम थोडंसं तिरपं खालच्या अंगाला सरकत पलीकडे जायचं.

दोराबद्दल विचारलंय तर स्पष्ट सांगते, कमरेला दोर बांधून कुणीही पाण्यात उतरू नका. पाय सुटला की दोर ताणला जातो आणि प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो, वर येताच येत नाही. ज्यांना दोराचं नदीतलं तंत्र शिकवलेलं आहे त्यांची गोष्ट वेगळी. तुमचा गाइड सांगेल तिथे हाताने धरायला दोर लावेल, तेवढंच.

ओंडक्यांचे पूल पहाटे दवाने किंवा गोठलेल्या पाण्याने निसरडे असतात. उभ्याने जमत नसेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसा आणि सरकत जा, त्यात काही कमीपणा नाही.

आणि मेमध्ये जाणार असाल तर नाल्यांवर बर्फाचे पूल असतात. वरून घट्ट दिसतात, खालून पाणी पोखरत असतं. सकाळी बर्फ कडक असताना, काठीने ठोकत, एकेकाने, अंतर ठेवून. पोकळ आवाज आला की वरच्या अंगाने वळसा. दुपारी तर त्यावर जाऊच नका.

कडेकपारी

खळाळ, मनापासून आभार, हे प्रिंट काढून चौघांना वाचायला देणार आहे. दोराचं तर आम्ही नेमकं उलटच धरून चाललो होतो.

ओढ्यापल्याडांचं दिशेचं म्हणणं वाचून आमच्यात काल रात्री बराच वेळ चर्चा झाली आणि त्यातून अजून एक पर्याय निघाला, पलीकडे उतरायचंच नाही, फक्त तीर्थनच्या उगमापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत. हे जंगल आणि नदीच्या दृष्टीने कमी पडेल का? आणि अडचण आली तर बाहेर कळवायचं कसं, आमच्यातल्या एकाचा नातेवाईक परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर आणून देतो म्हणतोय, ते न्यावं का?

ओढ्यापल्याड

सॅटेलाइट मेसेंजर नेऊ नका. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेज पाठवणारं यंत्र जवळ बाळगणं बेकायदेशीर आहे, विमानतळावरच्या तपासणीत सापडलं तर सरळ पोलीस केस होते. त्याऐवजी जुनी पद्धत: रोजचा मुक्काम कागदावर लिहून एक प्रत गावात ज्यांच्याकडे उतराल त्यांच्याकडे, एक घरी, आणि अमुक तारखेपर्यंत बाहेर आलो नाही तर काय करायचं हे त्यात स्पष्ट लिहिलेलं. परमिटवर तुमची नावं असतातच. एक पोर्टर जास्त घ्या, गरज पडली तर दोघं जखमी माणसाजवळ आणि एक जण खाली धावत असं करता येतं. नेटवर्क आलं की ११२, पण गुशैणी सोडल्यावर ते येईलच असं धरू नका.

जीपीएसबद्दल पण एक. घळीत आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते, त्यात दाट झाडी, सिग्नल कड्यांवर आपटून येतो, त्यामुळे ठिपका कधीकधी नदीच्या पलीकडच्या काठावर दाखवतो. ट्रॅक पुराआधीचा असेल तर तो रेषा म्हणून बघा, वाट म्हणून नाही.

देवदारछाया

उगमाचा पर्याय अजिबात कमी नाही, मला तर वाटतं तुम्ही जे शोधताय ते तेच आहे. रोल्लापर्यंत वाट एकच, तिथून शिल्टकडे न वळता नदीच्याच सोबतीने चलोचा, नाडा, मझौणी करत तीर्थला. तीर्थन-सैंजमध्ये नदी दुसऱ्या दिवशी सुटते ती थेट शक्तीला भेटते, मधले दिवस धारेवर आणि कुरणांवर. इथे मात्र नदी शेवटपर्यंत सोबत राहते, गुशैणीला फलाचन येऊन मिळते तिथे ती मोठी आणि घोंगावणारी असते आणि वर जाता जाता ओढ्याएवढी होते. चढ एकदम नाही पण वर-खाली, वर-खाली चालूच असतं, कडा नदीत उतरला की वाट वर चढते आणि त्याला वळसा घालून परत खाली येते, त्यामुळे नकाशावरचे आठ किलोमीटर दिवस खातात. किलोमीटरवरून दिवस मोजू नका, गाइडला विचारा की पाठीवर वजन असताना किती तास.

गुडघ्याच्या दृष्टीने पण बरं, पंधराशे मीटरचा सलग उतार नाही. आणि माघारीचं म्हणाल तर जाऊन-येऊनच्या वाटेवर परतीची वाट तुम्ही नुकतीच बघितलेली असते. ओढ्यापल्याड, तुमचा मुद्दा या वर्षी मलाही जास्त वजनदार वाटतोय, सैंजकडची ताजी खबर गावातून घेतल्याशिवाय पलीकडे उतरायचं मी पण कुणाला सांगणार नाही.

महिना, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य. पाऊस गेलेला असतो, नाले उतरलेले असतात, हवा स्वच्छ. मेमध्ये वर बर्फ आणि दुपारी नाले फुगलेले, पण त्याची भरपाई म्हणजे पक्षी. जुजुराणा, हिमाचलचा राज्यपक्षी, एप्रिल-मेमध्ये पहाटे साद घालतो आणि शिल्टच्या जंगलात ती ऐकायला लोक मुद्दाम जातात. जूनअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मात्र खोऱ्यात शिरू नका, पाऊस, दरडी आणि पूर, तिन्ही एकत्र.

अस्वलं आहेत, काळी, जंगलाच्या पट्ट्यात. शरदात ती खाण्याच्या मागे असतात. पहाटे आणि संध्याकाळी झाडीतून चालताना बोलत चला, नदीच्या आवाजात त्याला तुमची चाहूल लागत नाही आणि वळणावर समोरासमोर येणं हाच धोका. अन्न तंबूत घेऊन झोपू नका. बिच्छू बूटी, म्हणजे अंगाला लागली की आग करणारी वनस्पती, ती पण वाटेवर भरपूर, बाही खाली आणि पायात लांब पँट.

खळाळ

उगमाच्या वाटेवर पण बाजूचे नाले लागतात हं, मी वर लिहिलेलं तिथेही लागू आहे. आणि स्टोव्ह तुमचा घेऊन जा, आत लाकूड पेटवायचं नाही. विमानाने येणार असाल तर गॅसचं डबडं सोबत आणता येत नाही, ते गाइडकडून तिथेच घ्या, आणि रिकामं डबडं खाली परत आणा. २०१४ मध्ये पार्क जागतिक वारसा यादीत आलं, तेव्हापासून लोकांची नजर इकडे वळलीये, आत अजून कचरा नाही तो तसाच राहू दे.

कडेकपारी

ठरलं मग, तीर्थन उगम, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, दोन दिवस जादा धरून. शिल्टला मेमध्ये वेगळं जाऊ पक्ष्यांसाठी. सैरोपाला परमिटची चौकशी उद्या करतो आणि गाइडशी बोलताना पहिला प्रश्न हाच की या पावसात रोल्लाच्या वरचे कुठले पूल गेले आणि त्याने स्वतः ती वाट शेवटची कधी चालली. त्याने जे सांगितलं ते इथे टाकतो, अजून कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल.